रक्ताच्या थेंबातली वीज

घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा झळकतो, त्यामागचं मुख्य काम केलेलं असतं ते त्या इवल्याशा पट्टीने. मीटर फक्त वीज मोजतो.

ही पट्टी स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. लग्नपत्रिका छापतात तसंच. जाळीवरून रबरी पट्टी फिरवली की शाई खालच्या प्लास्टिकवर उतरते. इथल्या एका शाईत कार्बन असतो, म्हणून छापलेल्या रेघेतून वीज वाहते. बऱ्याच पट्ट्यांवर चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या शाईचा दुसरा इलेक्ट्रोड असतो. त्याचा विद्युतदाब स्थिर राहतो, म्हणून कार्बनवर नेमका किती दाब द्यायचा ते ठरवता येतं. वर ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं.

थेंब टेकवताच रक्त बारीक फटीतून आपोआप आत ओढलं जातं. एन्झाइम त्यातलं ग्लुकोज वेचून प्रत्येक रेणूचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. अडचण पुढे आहे. हे इलेक्ट्रॉन एन्झाइमच्या आत खोलवर असतात. इलेक्ट्रोडपर्यंत ते आपले आपण पोहोचत नाहीत. निसर्गात ते ऑक्सिजन उचलतो. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइम-इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, तीही ऑक्सिजनवरच उभी होती. पण रक्तात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो आणि बदलत राहतो. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचं हे काम फेरोसीन या लोहयुक्त संयुगाच्या कुळातल्या रेणूला दिलं. माझ्या मते घरगुती तपासणीचा खरा पाया तोच. १९८७ मध्ये या तत्त्वावरचा पेनाएवढा मीटर बाजारात आला.

मीटर दाब देतो, वाहक रेणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि सूक्ष्म प्रवाह वाहतो. इलेक्ट्रोडजवळचे रेणू संपत जातात तसा तो क्षणाक्षणाला घटतो. म्हणून ठरलेल्या क्षणीच मोजतात. ग्लुकोज जास्त, तर प्रवाह जास्त.

म्हणूनच बोटाला लागलेला आंब्याचा रसही साखर म्हणून मोजला जातो. आधी हात धुवून कोरडे करावेत. दमट हवेत एन्झाइम बिघडतं, तेव्हा पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावावं. ॲनिमियात तांबड्या पेशी कमी असल्याने आकडा वाढीव येऊ शकतो. ॲनिमिया असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० किंवा त्याहून अधिक आकड्यांना १५ टक्क्यांची मुभा आहे: खरी साखर २०० असताना मीटरने १८० दाखवले, तरी तो मर्यादेतच असतो.