चिडायला दहा पावलं

ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या काठीचा फटका बसतो तेव्हा ती काठी आणि गोल्फचा चेंडू एकमेकांना किती वेळ टेकलेले असतात? सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग! अख्ख्या फेरीतले ७०-८० फटके एकत्र केले, तरी पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. फेरी मात्र चालते चार-चार तास. बाकीचा सगळा वेळ चालायचं, थांबायचं आणि मघाशी वाया गेलेल्या फटक्यावरून मनातल्या मनात चरफडायचं.

फुटबॉलमध्ये चिडलेलं पोर धावून राग जिरवतं. इथे चेंडू ढिम्म पडून असतो. राग बोटांत उतरतो, पकड आवळते, खांदे ताठरतात, काठी घाईने फिरते आणि पुढचाही फटका वाकडा जातो.

बॉबी जोन्सचंही असंच झालं. पोरवयापासून काठ्या भिरकावण्याबद्दल हा अमेरिकन मुलगा बदनाम होता. १९२१ साली, १९व्या वर्षी, तो स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ब्रिटिश ओपन खेळायला उतरला. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलनाच ४६ फटके गेले. अकराव्या होलला चेंडू बंकरच्या वाळूत अडकला, काही केल्या निघेना. शेवटी पठ्ठ्याने चेंडू उचलून खिशात टाकला. म्हणजे स्पर्धेतूनच बाद. या प्रकाराची खंत त्याला पुढे कायम राहिली. पण १९२७ साली त्याच मैदानावर त्याने ती स्पर्धा जिंकली, १९३० साली एकाच हंगामात चारही मोठ्या स्पर्धा खिशात घातल्या आणि १९५८ साली त्याच गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

मुलांना असे किस्से सांगावेत, पण त्याआधी आकडे सांगावेत असं मला वाटतं. आठ फुटांवरून चेंडू भोकात घालायचा तर अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे नामांकित खेळाडूही साधारण निम्म्या वेळा चुकतात. बारा वर्षांची मुलगी मात्र तेवढ्यावरून चुकली की रडवेली होते, कारण हे प्रमाण तिच्या कानावर कुणी घातलेलंच नसतं. गोल्फपटू जॅक निकलसने १८ मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या हे सगळे सांगतात. १९ वेळा तो दुसरा आला, हे कोण सांगतं? टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या अदिती अशोकचं कांस्य अवघ्या एका फटक्याने हुकलं.

राग गिळायला सांगणं मला पटत नाही. त्यापेक्षा टायगर वूड्सचा दहा पावलांचा नियम बरा: फटका फसला की दहा पावलं मनसोक्त चिडायचं, अकराव्या पावलापासून वारा कुठून वाहतोय, अंतर किती उरलंय, एवढंच बघायचं. गोल्फमध्ये पुढच्या चेंडूपर्यंत चालत जावंच लागतं, म्हणून हे जमतं.

आणि पालकहो, पोर गाडीत बसतं न बसतं तोच "किती झाले?" विचारू नका. आधी वडापाव खाऊ द्या. मग हवं तर विचारा, "आज कुठला फटका झकास बसला?"