एसएसबीतलं कोरं चित्र

एसएसबी देऊन परतलेल्या पोराभोवती वसतिगृहात घोळका जमतो. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला: ‘कोऱ्या चित्रावर काय लिहिलंस?’

लष्करात अधिकारी व्हायचं तर सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची ही पाच दिवसांची निवड पार करावी लागते. तिच्यातल्या टीएटी चाचणीत अकरा धूसर चित्रं दाखवतात. प्रत्येक चित्र तीस सेकंद दिसतं, मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. बारावा पडदा कोराच. तिथे घरून बेतून नेलेली गोष्ट खपते, आणि तिचा नायक बहुधा जवान असतो. अतिरेक्यांना लोळवून तिरंग्यात लपेटून गावी येतो.

देशभक्ती ओतली की काम फत्ते, हा पहिला गैरसमज. बोर्ड पंधरा गुण शोधतं: तर्कशक्ती, संघटनकौशल्य, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, झटपट निर्णय, धैर्य वगैरे. देशभक्ती त्या यादीत नाही! गावातली बंद पडलेली पाणीयोजना चार लोकांना हाताशी धरून सुरू करणारा नायक यातले कितीतरी गुण दाखवतो. हुतात्मा बिचारा फक्त धैर्य दाखवून जातो.

दुसरा गैरसमज क्लासवाल्यांनी पोसलेला: उत्तरं घोकून जायचं. शब्दावरून वाक्य लिहायच्या चाचणीत साठ शब्द असतात, प्रत्येकी पंधरा सेकंद. शब्द ओळखीचा निघाला तर घोकलेलं वाक्य उतरतंही. पण मानसशास्त्रज्ञ उमेदवाराशी बोलत नाही, नुसते कागद वाचतो. मुलाखत घेणारा अधिकारी वेगळा, मैदानावर गटाची कामं घेणारा अधिकारी, म्हणजे जीटीओ, वेगळा. मनसा, वाचा, कर्मणा अशी ही त्रिसूत्री आहे. तिघं आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला ताडून पाहतात. ‘मित्र मला नेता मानतात’ असं कागदावर लिहिणारा उमेदवार मैदानात, बाकीचा गट फट्टा (फळी), बल्ली (वासा) आणि दोर घेऊन अडथळा ओलांडताना, मागे हात बांधून उभा दिसला, की त्या वाक्याला किती किंमत उरणार?

प्रसंगावर आपण काय करू ते लिहायच्या चाचणीत, म्हणजे एसआरटीत, अर्ध्या तासात साठ प्रसंग असतात. ते सगळे सोडवलेच पाहिजेत, हा तिसरा गैरसमज. जमतील तितके सोडवायचे.

सगळ्यात जिव्हारी लागणारा समज हा, की ‘रेकमेंड’ न होणं, म्हणजे निवड न होणं, ही व्यक्तिमत्त्वातच खोट. घरचेही तसंच धरून बसतात. मुळात टीएटीसारख्या चाचण्यांच्या विश्वासार्हतेबद्दल मानसशास्त्रज्ञांतच जुना वाद आहे. हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी हार्वर्डमध्ये 1930च्या दशकात टीएटी घडवली, ती लोकांचं अंतर्मन समजून घ्यायला. लष्करी भरती तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. शिवाय बोर्डाचा निकाल एवढंच सांगतो, की त्या पाच दिवसांत हवं ते दिसलं नाही. वयाच्या अटीत बसतोय तोवर पुन्हा जाता येतं. प्रत्येक बोर्डात रिपीटर, म्हणजे पुन्हा आलेले उमेदवार, असतात, आणि त्यांच्यातलेही निवडले जातात.

आयुष्यात एकदाच देता येणारी चाचणी आहे, पण ती वैमानिकांची. तिथे व्यक्तिमत्त्व बघत नाहीत, उड्डाणाला लागणारा हाता-डोळ्यांचा मेळ तपासतात. तीत नापास झालेला बाकीच्या शाखांसाठी पुन्हा एसएसबीला बसू शकतो.