खेळाडू परदेशी गेला, तर लीग बुडते का?

आज फुटबॉलबद्दल बोलू. गेल्या आठवड्यात कोल्हापूरचे एक पाहुणे भिलाईत घरी आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "कर्नलसाहेब, आमची चांगली पोरं अशीच बाहेर जायला लागली, तर शाहू स्टेडियमवर आम्ही बघायचं काय?"

प्रश्न बरोबर आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला जाऊन आला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला अभिमानही वाटतो आणि पोटात खड्डाही पडतो.

हीच काळजी अमेरिकेतही आहे. तिथली मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, 1996 मध्ये 10 संघांनिशी सुरू झाली. 2022 च्या विश्वचषकाला अमेरिकेचे 26 खेळाडू गेले, त्यातले देशातल्या लीगमधले फक्त 9. बाकीचे परदेशी क्लबांचे. मग लीग बुडाली का? नाही. 2025 मध्ये तिथे 30 संघ खेळले.

मात्र एक चूक त्यांनी बरीच वर्षं केली, आणि ती आपल्या कामाची आहे.

आमच्या भिलाईत रेल्वेचे रूळ बनतात. ते सगळे बाहेरच जातात. म्हणून भिलाई रिकामी झाली असं कुणी म्हणत नाही, कारण मालाची किंमत परत येते आणि भट्टी चालू राहते. खेळाडू काही माल नव्हे, पण हिशेब तोच आहे. फिफाचा नियम असा, की करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांपर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. बाराव्या वर्षी ज्या छोट्या क्लबाने त्याला बूट दिले, त्याचाही त्यात वाटा.

अमेरिकेने हा नियम आपल्याकडे लागूच होऊ दिला नव्हता. डीआंद्रे येडलिन 2014 मध्ये सिअ‍ॅटलकडून टॉटनहॅमला विकला गेला. त्याला लहानपणी शिकवणाऱ्या क्रॉसफायर प्रीमिअर क्लबाने आपला हिस्सा मागितला, तर वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर 2019 मध्ये एमएलएसनेच भूमिका बदलली आणि हा पैसा आपल्या क्लबांसाठी मागायला सुरुवात केली. त्याआधी 2018 मध्ये व्हँकुव्हरने अल्फोन्सो डेव्हिस हा कॅनडाचा पोरगा बायर्न म्युनिकला त्या लीगच्या विक्रमी किमतीला विकला होता. खेळाडू घडवणं हा खर्च नसून कमाई असू शकते, हे सगळ्यांना दिसलं.

आता आपल्याकडे बघा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पंजाबचा जेसीटी 2011 मध्ये. गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो यांनी 2016 मध्ये आय-लीग सोडली. यातला एकही क्लब खेळाडू परदेशी गेले म्हणून थांबला नाही. मालकाने हात आखडता घेतला, किंवा वरच्या लीगची रचना बदलली आणि पुढची वाट दिसेना, म्हणून थांबले.

दुसरी गोष्ट परत येण्याची. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून प्रत्येक रिक्रूट पलटणीत जातो. त्याला धरून ठेवणं हे सेंटरचं कामच नाही. पण त्याच पलटणींतले अनुभवी लोक पुढे उस्ताद म्हणून सेंटरमध्ये येतात आणि नव्या पोरांना तयार करतात. गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला, युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला आणि 2017 मध्ये बेंगळुरूला परतला. तिकडची शिस्त तो इकडच्या ड्रेसिंग रूममध्ये घेऊन आला.

नुकसान होतच नाही असं मी म्हणत नाही. पहिला हंगाम जड जातो. आवडता चेहरा दिसत नाही, गोल कमी होतात. पण बाकावर दुसरा पोरगा तयार असेल, तर तो खड्डा भरतो. नसेल, तर दोष जाणाऱ्याचा नाही.

पाहुण्यांना मी एवढंच सांगितलं : पोरगा बारा वर्षांचा झाला की तालमीच्या नावाने त्याची अधिकृत नोंदणी करा आणि दरवर्षी कागद जपा. फिफाचा हिस्सा नोंदीवर मिळतो, आठवणींवर नाही. आणि जो जाईल त्याला हार घालून पाठवा, म्हणजे सुट्टीला आल्यावर तो आधी तालमीत येईल.

पाहुणे हसले. म्हणाले, "हार घालू. पण नोंदणीचं कुणी बघितलंच नाही हो."

तेच आधी बघा. जय हिंद.