कुर्लीचा डेंगा आणि माणसाचा खांदा

तेरेखोलच्या खाडीला ओहोटी लागली होती. आरोंद्याला मामांच्या मागल्या दारी पाटीत पाच-सहा कुर्ल्या, म्हणजे खेकडे, खडखडत होत्या. त्यांतल्या एकीचा डावा डेंगा, म्हणजे नांगी, उजव्याच्या निम्मासुद्धा नव्हता. मामांनी ती उचलून माझ्यासमोर धरली. डाव्या हाताने, कारण उजवा हात चार महिने खांद्याच्या वर जातच नव्हता. चाळीस वर्षं खाडीत पागाचं जाळं टाकणारा हात तो.

"बाय, कुर्लेक तुटलेलो डेंगो परत येता. मगे माणसाक खांदो कित्याक येणा नाय?"

प्रश्नामागचं कारण त्यांच्या खिशात होतं. शहरातल्या एका दवाखान्याच्या जाहिरातीचं कात्रण: ऑपरेशन नको, फक्त स्टेम सेलचं इंजेक्शन. "ह्या सुयेन खांदो नवो होतलो काय गो?"

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नव्हे. पण मामांचा पहिला प्रश्न इतका सुंदर होता की मी तो घेऊन परतले आणि कित्येक दिवस त्याच्याच मागे लागले.

कुर्लीपासूनच सुरुवात करते. शत्रूने डेंगा पकडला की कुर्ली तो स्वतःच टाकून देते. बुडाशी एक ठरलेली रेघ असते, तिथूनच तो सुटतो, आणि आतला पडदा लगेच मिटून रक्त थांबवतो. मग त्या जागी नव्या डेंग्याची घडी घातलेली कळी तयार होते. कुर्ली कवच टाकते तेव्हा ती उलगडते. पहिल्या खेपेला डेंगा इवलासा असतो, आणि पुढच्या प्रत्येक कवचाबरोबर वाढत जातो. मामांच्या हातातली कुर्ली अशी अर्ध्या वाटेवर होती.

आता खांदा. माणसाच्या अंगातला सर्वांत मोकळा सांधा हा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि खवाट्याच्या हाडाची खोबण मात्र बशीसारखी उथळ. एवढ्या उथळ बशीतला गोळा पाग भिरकावताना निसटत नाही, कारण चार स्नायूंच्या कंडरा त्याला चहूबाजूंनी मुठीत धरून ठेवतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. यांतली सर्वांत वरची कंडरा हाडाच्या छपराखालच्या चिंचोळ्या फटीतून जाते, आणि झीज किंवा फाट बहुतेक वेळा तिथेच होते.

खरं आश्चर्य ही कंडरा हाडाला जिथे मिळते तिथे आहे. कंडरा दोरासारखी लवचीक, आणि हाड तिच्या जवळजवळ शंभरपट ताठ. दोर दगडाला नुसता चिकटवला तर ओढ बसताच नेमका सांध्यावर सुटेल. शरीराने यावर काढलेली तोड पाहून मला आरोंद्याची खाडीच आठवली. मनोहरगडाच्या बाजूने गोड पाणी उतरतं, तेरेखोलच्या किल्ल्यापाशी समुद्र आहे, आणि आरोंदा-किरणपाणी पुलावर उभं राहून नदी कुठे संपली ते कुणालाही दाखवता येत नाही. पाणी हळूहळू मचूळ होत जातं. खांद्यातही तसंच आहे. आधी कंडरा, मग मऊ कूर्चा, मग चुना मुरलेली कूर्चा, मग हाड. एका मिलिमीटरच्या आत-बाहेर हा सगळा प्रवास उरकतो.

ही खाडी एकदा फाटली की मोठ्या माणसाच्या शरीराला ती पुन्हा बांधता येत नाही. तिथे रक्ताचा पुरवठा तुटपुंजा आणि पेशी विरळ. जखम भरते, पण ती व्रणाच्या जाड ठिगळाने. शल्यविशारद कंडरा हाडाला पुन्हा नीट शिवू शकतात, तरी त्या टाक्याखाली मूळचे चार थर पहिल्यासारखे येत नाहीत. स्टेम सेलबद्दलची सगळी आशा या एका मिलिमीटरभोवती फिरते.

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात, आणि कुणी स्कंधपेशीही म्हणतात. स्कंध म्हणजे झाडाचं खोड, आणि स्कंध म्हणजे खांदाही! भाषेने आधीच जुळवून ठेवलेली ही जोडी शरीरात जुळते का, हे पाहायचं तर रक्तापासून निघावं लागतं, कारण मूलपेशींचा निर्विवाद पराक्रम तिथे आहे. 1961 मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलॉक या दोघांनी किरणोत्साराने रक्त संपवलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली. उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ म्हणजे एकाच पेशीचा वंश आहे, हे पुढे सिद्ध झालं. आपल्या मज्जेतल्या अशा पेशींच्या जोरावर शरीर दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी घडवतं. 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावंडाची मज्जा दिली. देशातलं ते पहिलं यशस्वी मज्जा-प्रत्यारोपण. एका मुलाच्या हाडातल्या पेशी दुसरीच्या शिरेत सोडल्या, त्या आपली वाट शोधत तिच्या हाडांत जाऊन बसल्या आणि तिचं रक्त बनवू लागल्या. मी हे दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी सांगताना थबकते.

खांद्याच्या इंजेक्शनातली पेशी मात्र ही नव्हे. मज्जेतच राहणारी पण रक्त न बनवणारी एक वेगळी जात मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन यांनी 1960-70 च्या दशकांत ओळखली. काचेच्या बशीत ती हाड, कूर्चा, चरबी यांत बदलते. 1991 मध्ये क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी तिला मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव दिलं. त्याच कॅप्लन यांनी 2017 मध्ये लिहिलं की हे नाव आता बदलायला हवं! शरीरात टोचल्यावर या पेशी स्वतः कंडरा किंवा कूर्चा बनून राहतात असं फारसं दिसत नाही. काही दिवसांत त्या नाहीशा होतात. पण तेवढ्यात रसायनं सोडून त्या आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात: सूज आवरा, रक्तवाहिन्या आणा, डागडुजीला लागा. म्हणजे घर बांधायला गवंडी बोलवावा, त्याने थापी हातात न घेता वाडीतल्या माणसांना हाका मारून कामाला जुंपावं आणि निघून जावं. मला हे गवंडीकामाहून अधिक अद्भुत वाटतं. पण 'खांदा नवा होईल' या वाक्याचा आधार त्याने निघून जातो, हेही खरं.

इंजेक्शनाची रीत साधीच आहे. कमरेच्या मागच्या हाडातून जाड सुईने मज्जा ओढतात, यंत्रात गरगर फिरवून दाट करतात आणि सोनोग्राफीवर बघत खांद्यात सोडतात. मज्जेतल्या दहा हजार ते लाखभर पेशींमागे हवी ती पेशी जेमतेम एक.

फायदा होतो का? सर्वांत बोलका अभ्यास पॅरिसजवळच्या एर्निगू यांचा, 2014 मधला. फाटलेली कंडरा शिवताना 45 जणांना मज्जेतल्या पेशी दिल्या, 45 जणांना दिल्या नाहीत. दहा वर्षांनी पहिल्या गटात 87 टक्के जणांची कंडरा शाबूत होती, दुसऱ्यात 44 टक्के. आकडे थक्क करणारे आहेत. पण कुणाला पेशी द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे त्या सगळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पेशी तिथे शिवणीला जोड म्हणून होत्या, शिवणीऐवजी नव्हे. नुसत्या इंजेक्शनाचे खांद्यावरचे प्रयोग छोटे आहेत. 2018 चा सोलमधला चरबीतल्या पेशींचा प्रयोग जेमतेम विसाच्या आसपास रुग्णांवर झाला. त्यांचं दुखणं उतरलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता.

आणि दुखणं फसवं असतं. 1995 मध्ये अमेरिकेत खांदा अजिबात न दुखणाऱ्या 96 जणांचे एमआरआय काढले. साठीपुढच्या निम्म्याहून अधिक लोकांच्या कंडरा कमी-जास्त फाटलेल्या निघाल्या, आणि त्यांना पत्ताही नव्हता! मग दुखणं थांबलं म्हणजे फाट भरली, असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या विकारांवरचं प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा इतर वापर म्हणजे संशोधन, आणि तो नोंदणी झालेल्या चाचणीतच व्हावा. पुढे 2022 मध्ये बंगळुरूत तयार होणाऱ्या एका मूलपेशी-औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकांनी मान्यता दिली, पण ती गुडघ्याच्या संधिवातासाठी. म्हणून मामांच्या कात्रणावर मी पेन्सिलीने दोनच प्रश्न लिहिले. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक काय? आणि संशोधन असेल तर पैसे कसले?

पण इंजेक्शनाचा विचार करण्याआधी एक साधी गोष्ट करायची राहिली होती. मामांना आरामात बसवून दुसऱ्याने हात उचलून पाहिला. नुसती फाट असती तर तो दुसऱ्याच्या हाताने बराच वर गेला असता. मामांचा हात तरीही अडला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीची पिशवी आवळून जाड होते. चाळिशी ते साठीत जास्त, आणि मधुमेह असेल तर आणखी जास्त. मामांची साखर कधीची वाढलेली. म्हणजे कात्रणात ज्या फाटीवर इलाज होता, ती फाट त्यांना नव्हतीच. हे दुखणं बहुधा एक ते तीन वर्षांत आपणहून सैल होत जातं, आणि व्यायाम त्याला हात देतो. आता मामा वाशावरून सुंभ सोडून त्याचं एक टोक डाव्या हातात, एक उजव्या हातात धरून ते ओढत बसतात. भिंतीवर बोटं चालवतात आणि जिथवर पोचली तिथे कोळशाची खूण करतात.

मात्र कुर्लीच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना देणं लागत होते, आणि ते मला एका उंदराच्या पिल्लात सापडलं. 2017 चं ते संशोधन. जन्मून थोडेच दिवस झालेल्या पिल्लाच्या खांद्यातली ती एक मिलिमीटरची खाडी दुखावली तर ती बरीचशी पुन्हा घडते. 'ग्ली-1' ही जनुकाची खूण बाळगणाऱ्या पेशी तिथे असतात आणि त्या कामाला लागतात. उंदीर वयात आला की त्या पेशी फार थोड्या उरतात, आणि तीच जखम व्रणाने भरते.

मी फोनवर हे सांगितलं. मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमकां येय होतां. आमी इसारलंव."