घाट, माथा आणि शिखर

उंच पर्वतांच्या प्रदेशात प्रत्येक मोठ्या शिखरास स्वतंत्र नाव असावयाचे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. जगातील आठ हजार मीटरांहून उंच अशा चौदा शिखरांपैकी आठ नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. त्यांपैकी धवलगिरी (८१६७ मीटर) व अन्नपूर्णा (८०९१ मीटर) ही नावे मराठी वाचकास भाष्यावाचून कळतात. सर्वोच्च शिखराचे (८८४८.८६ मीटर) नेपाळी नाव सगरमाथा. त्यातील ‘माथा’ हा शब्द मराठीतही आहे. संस्कृत ‘मस्तक’, प्राकृत ‘मत्थअ’ या वाटेने तो दोन्ही भाषांत उतरला. परंतु नेपाळीने तो जगातील सर्वांत उंच टोकावर नेऊन ठेवला, तर मराठीत तो विशेषेकरून ‘घाटमाथा’ या समासात, म्हणजे घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या सपाटीच्या कडेवर, रुळला. या भेदाचे कारण भोकरदनच्या परिसरात चांगले दिसून येते.

भोकरदनच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. दक्षिणेकडून पाहणारास ती फारशी उंच भासत नाही. पठार हळूहळू चढत जाते इतकेच. खानदेशातून पाहणारास मात्र तीच रांग भिंतीसारखी उभी दिसते. दक्षिण उतारावरील केळणा व पूर्णा यांचे पाणी अखेर गोदावरीस मिळते, उत्तरेकडील वाघूरचे तापीस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश घडला. त्यामुळे येथील डोंगर टोकदार नसून बहुधा सपाट माथ्याचे आहेत. अशा ठिकाणी सर्वांत उंच बिंदू कोणता, हा मोजणीदाराचा प्रश्न होय. रहिवाशाचा प्रश्न निराळा : वर कोठून चढावयाचे आणि खाली कोठून उतरावयाचे?

हा प्रश्न फार जुना आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहुत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. उत्तरेकडील त्या स्तूपांकडे जाणाऱ्यास ही रांग ओलांडणे भागच होते. इ. स. १८०३ मध्ये शिंदे व भोसले यांच्या फौजा अजिंठ्याच्या घाटानेच वर आल्या, आणि २३ सप्टेंबर रोजी केळणेच्या काठी असईची लढाई झाली. मोगली अमदानीत वऱ्हाडाचे दोन भाग कल्पिले गेले, तेही याच रेषेने : घाटावरचा बालाघाट व खालचा पाईनघाट. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा, ‘पाईन’ म्हणजे खालचा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आजही तालुके ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ असे ओळखले जातात. राज्ये गेली, फारसी शब्द मागे पडले. विभागणी तेवढी राहिली.

मराठी मुलखात शिखरांना नावे नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. सह्याद्रीच्या मुख्य धारेजवळ कळसूबाई (१६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर असून त्याखालोखाल बागलाणातील साल्हेर (१५६७ मीटर) येते. परंतु ही नावे उंचीमुळे पडली, असे म्हणता येत नाही. साल्हेरचे नाव किल्ल्याचे म्हणून गाजले. कळसूबाई ही देवी. लोककथेत ती कामाला राहिलेली मुलगी आहे. ‘कळस’ या शब्दाशी संबंध जोडण्याचा मोह अभ्यासकास होतो, आणि ध्वनिदृष्ट्या त्यास हरकतही नाही. पण पायथ्याच्या लोकांना ते बाईचे नाव आहे, कळसाचे नव्हे, ही गोष्ट व्युत्पत्तीच्या भरात विसरता कामा नये. स्वतः ‘डोंगर’ हा शब्दही संस्कृतोद्भव नाही; हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘डुंगर’ हा शब्द देशी म्हणून नोंदविला आहे.

‘घाट’ या शब्दाची गत अधिक विलक्षण. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे पाण्यात उतरण्याची जागा. मराठीने नदीचा घाट राखला आणि डोंगराच्या उतरणीसही तोच शब्द दिला. युरोपीयांनी मात्र वाटेचे नाव संपूर्ण पर्वतास लावले. त्याचे ‘पश्चिम घाट’ हे भाषांतर पुन्हा मराठीत आले, २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याच नावाने सह्याद्रीची नोंद झाली, आणि पाठ्यपुस्तकांत आता दोन्ही नावे शेजारी शेजारी असतात. अजिंठ्याच्या रांगेस मात्र कोणी घाट म्हणत नाही. तेथे घाट म्हणजे अद्याप वाटच आहे.