परदेशी फेलोशिपांचे अंतरंग (लेखांक ७) : तास इंग्रजीचा, हिशेब मैत्रीचा

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेतून इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून परदेशी जाणाऱ्या पदवीधरांविषयी वाचले. तिथे पाठवणारा देश पुढाकार घेतो. जपानच्या ‘जेट’ योजनेत मात्र बोलावणारा देशच खर्च उचलतो. १९८७ साली चार देशांतल्या ८४८ तरुणांना घेऊन ती सुरू झाली आणि पुढे वर्षाला पाच हजारांच्या वर गेली. येणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ‘एएलटी’, म्हणजे शाळेतल्या इंग्रजी शिक्षकाचे सहायक असतात. इतकी वर्षे एवढा पैसा ओतूनही जपानी मुले इंग्रजी बोलायला कचरतात, सबब योजना फसली, असा शेरा वारंवार ऐकू येतो. मला हा शेरा मान्य नाही. योजना ज्या कामासाठी काढली ते काम तिने बऱ्यापैकी केले आहे. चूक आपल्या तराजूची आहे, कारण मैत्रीचा माल आपण इंग्रजीच्या मापाने मोजतो आहोत.

योजनेचा जन्म पाहिला की हे उलगडते. १९८६ साली जपानशी होणाऱ्या व्यापारात अमेरिकेची तूट ५० अब्ज डॉलरांच्या पुढे गेली होती. जपान आपला माल जगभर विकतो, पण स्वतःची दारे किलकिलीही करत नाही, हा राग वॉशिंग्टनमध्ये उघड बोलला जात होता. त्या काळात पंतप्रधान नाकासोने यांच्या सरकारला परक्यांसाठी दार उघडल्याचे काहीतरी ठळक करून दाखवायचे होते. परदेशी तरुणांना थेट गावोगावच्या शाळांत नेऊन बसवण्याची कल्पना तिथे चपखल बसली. ती रेटली मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाने. शिक्षण खाते आणि परराष्ट्र खाते भागीदार झाले. डेव्हिड मॅकॉनेल या मानववंशशास्त्रज्ञाने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या खात्यांमधली ओढाताण तपशिलाने मांडली आहे.

हेतू काय होता हे नियमही सांगतात. एएलटीला पदवी लागते, ती कोणत्याही विषयातली चालते. अध्यापनाच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. करार वर्षाचा, आणि फार तर पाच वर्षे मुक्काम. हा शेवटचा नियम मला सर्वांत बोलका वाटतो. शाळेला खरोखर शिक्षक हवा असता, तर वर्ग हाताळायला शिकलेला, जपानी समजू लागलेला माणूस पाचव्या वर्षी तिने परत का पाठवला असता? पण ज्याला परक्या देशांत आपले मित्र हवे आहेत, त्याला माणसे येऊन परत जायलाच हवीत. मायदेशी परतलेल्यांची संघटना अनेक देशांत उभी आहे, हे या योजनेचे खरे पीक.

आता वर्गात डोकावू. माध्यमिक शाळेतला पन्नास मिनिटांचा तास. जपानी शिक्षक व्याकरण जपानीतून समजावतो. एएलटी धड्यातले वाक्य मोठ्याने वाचतो, मुले एका सुरात ते म्हणतात. या कामाला एएलटींमध्येच ‘ह्यूमन टेपरेकॉर्डर’ असे कडवट नाव आहे. जपानीत बहुतेक व्यंजनांना स्वराचा आधार लागतो, त्यामुळे ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. ते सुटायला रोजचा सराव हवा, आणि अनेक एएलटींच्या वाट्याला तर एकाहून अधिक शाळा येतात. शिवाय मुलांची नजर प्रवेशपरीक्षेवर. विद्यापीठ प्रवेशासाठी बोलण्याचीही कसोटी घेणाऱ्या खासगी चाचण्या वापरण्याचा बेत सरकारने २०१९च्या नोव्हेंबरमध्ये पुढे ढकलला आणि २०२१ साली सोडूनच दिला. जे परीक्षेत विचारले जात नाही ते शिकण्याचा आटापिटा मुले का करतील? त्याचे खापर एकट्या सहायकाच्या माथी फोडणे न्यायाचे नाही.

यावर कोणी म्हणेल, मैत्रीच करायची तर शाळेचा तास कशाला खर्ची घालायचा? आक्षेप वजनदार आहे. त्याचे एक उत्तर असे की ज्या आडगावात परका माणूस कधी दिसत नाही, तिथे इंग्रजी ही परीक्षेची कटकट नसून कुणाशी तरी बोलण्याची सोय आहे, हे मुलांना सहायकामुळेच उमगते. ही गोडी लावणे झाले, शिकवणे नव्हे. म्हणूनच आक्षेपातला अर्धा भाग मी मान्य करतो: सहायक आला म्हणून स्थानिक शिक्षकाच्या प्रशिक्षणावरचा खर्च आखडता घेतला, तर तो तास खरोखरच वाया गेला.

दुसरा आक्षेप असा की मातृभाषक वर्गात असला की उच्चार आपोआप सुधारतात. हा समज किती खोल रुजला आहे ते दक्षिण कोरियात दिसते. शाळांसाठी परदेशातून इंग्रजी शिक्षक आणणाऱ्या तिथल्या १९९५च्या ‘एपिक’ योजनेची दारे मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी उघडी आहेत. २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांनाही वाट मिळाली, मात्र त्यांच्याकडून अध्यापनाची पात्रता मागितली गेली. म्हणजे ज्याने शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले त्याला ते सिद्ध करावे लागते, आणि ज्याचा पासपोर्ट योग्य देशाचा त्याला तेवढे लागत नाही. बीएड झालेल्या मराठी उमेदवाराने यात अपमान शोधण्यापेक्षा अर्थ शोधावा. तो दरवाजा व्यापाराच्या वाटाघाटींतून उघडला, इंग्रजीच्या गरजेतून नव्हे.

म्हणून अर्ज भरताना जाहिरातीतल्या ‘शिक्षक’ या शब्दावर विसंबू नये. पैसा कोणते खाते देते, करार किती वर्षांनी संपवतात आणि पात्रता कोणाकडून मागतात, या तीन गोष्टी पाहिल्या की यजमानाला काय हवे आहे ते कळते. पाहुणा म्हणून बोलावले असेल तर चांगला पाहुणा व्हावे. गुरुजी व्हायचे असेल तर दुसरी नोकरी शोधावी. ती कुठे आणि कोणत्या पात्रतेवर मिळते, ते पुढच्या लेखांकात.