कापसाचे बळ आणि त्याची मापे

वऱ्हाडच्या माणसास वजनमापांचा घोळ नवा नाही. रुईची खंडी ७८४ पौंडांची. किलोग्रॅममध्ये ती सुमारे ३५५.६ भरते, आणि मुंबईच्या बाजारात रुईचा भाव आजही खंडीवरच सांगतात. पौंड व किलोग्रॅम ही दोन्ही वस्तुमानाची मापे; सबब एका गुणाकाराने काम भागते.

परंतु कापसाची प्रत केवळ वजनावर ठरत नाही. तंतू किती ताण सोसतो, हेही पाहावे लागते. माटुंग्यास १९२४ साली निघालेल्या कापूस-प्रयोगशाळेपासून असे परीक्षण आपल्याकडे रूढ झाले. हा ताण ‘ग्रॅम प्रति टेक्स’ असा लिहितात. एक हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे टेक्स. म्हणजे अंशातही ग्रॅम आणि छेदातही ग्रॅम! मग दोन्ही काटावेत काय? मुळीच नाही. छेदातला ग्रॅम हे वस्तुमान. अंशातला ग्रॅम म्हणजे एक ग्रॅम पदार्थास पृथ्वी जितक्या जोराने ओढते, तितके बल. शब्द एकच, अर्थ मात्र दोन.

बल, ज्यास जुनी पुस्तके प्रेरणा म्हणत, त्याचे सर्वमान्य माप न्यूटन होय. एक किलोग्रॅम पदार्थाचा वेग दर सेकंदास सेकंदी एक मीटरने वाढविणारे बल, ते एक न्यूटन. हे नाव १९४८ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने स्वीकारले. गुरुत्वप्रवेगाची प्रमाण किंमत ९.८०६६५ ही १९०१ मध्येच ठरली होती. त्यावरून एक किलोग्रॅमभार म्हणजे ९.८०६६५ न्यूटन, आणि एक ग्रॅमभार म्हणजे ०.९८०६६५ सेंटिन्यूटन. पौंडभार ४.४४८ न्यूटनांचा, तर डाइन हा न्यूटनचा एक लक्षांश. पौंडल विस्मृतीत गेला, याचे मला तरी दुःख नाही.

आता समजा, एका गाठीच्या दाखल्यावर ३० ग्रॅम प्रति टेक्स आणि दुसरीच्या दाखल्यावर २९.४२ सेंटिन्यूटन प्रति टेक्स असे लिहिले आहे. आकडा लहान दिसतो म्हणून दुसरीचा भाव पाडणे हा उघड अन्याय होईल. कारण ३० ला ०.९८०६६५ ने गुणिले असता २९.४२ च येतात.

मात्र एक भेद गुणाकाराने मिटत नाही. परीक्षायंत्र ‘आयसीसी’ पद्धतीवर लावले की ‘एचव्हीआय’ पद्धतीवर, यावरून त्याच कापसाचा आकडा पुष्कळच बदलतो. दुसऱ्या पद्धतीत तो मोठा येतो. तेथे एकक एकच असूनही तुलना फसते. म्हणून दाखला हाती येताच प्रथम पद्धत विचारावी, नंतर एकक पाहावे, आणि मगच भावाची बोलणी करावी.